सामानापाशी बाबा

प्रतीक्षालयात बाबांनी आधी बाक निवडला. म्हणजे असा तसा नाही निवडला. चार बाक धरून गदागदा हलवून बघितले, पाचवा जमिनीत बोल्ट मारून बसवलेला निघाला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी पिशवीतून सायकलची साखळी काढली, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या दोन्ही पट्ट्यांतून ओवली, बाकाच्या पायाला वेढा दिला आणि उरलेलं टोक स्वतःच्या उजव्या घोट्याला गुंडाळून कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात आणि दोरा बनियनच्या आत. समोर बसलेल्या बाईने आपल्या लेकराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तिकडे नको बघूस." तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला कुठेतरी पोचवायला चाललेत.

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला.

"बाबा, गाडी आली तर?"

"गाडीला पस्तीस मिनिटं आहेत. कुलूप उघडायला चाळीस सेकंद लागतात. घरी मोजलेत."

"लोक बघतायत हो."

"बघू दे की. बघणाऱ्यांसाठीच लावलंय."

धाकटी बाबांची धाकटी मुलगी, धंद्याने फोटोग्राफर, आणि फोटो काढायची ते कारखान्यांचे, यंत्रांचे, पुलांचे. त्यामुळे फिरती पाचवीला पुजलेली. त्या बॅगेत तिचा कॅमेरा होता, तीन लेन्स होत्या आणि लॅपटॉप होता. आणि गेलं वर्षभर त्या बॅगेच्या मागेमागे बाबा होते. कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव त्यांनी काळी टेप लावून झाकलं. प्रत्येक वस्तूचा नंबर वहीत उतरवला, वहीची एक प्रत घरी, एक खिशात. बॅग नवी होती तर तिच्यावर ब्लेडने दोन चरे मारले, वर तेलाचे डाग पाडले, का, तर नवी बॅग डोळ्यात भरते. धाकटीच्या वाढदिवसाला वहिनीने दिलेली बॅग होती ती. वहिनी आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जीव मेटाकुटीला आला होता तर पोरीने सरळ सांगायचं, बाबा, पुरे झालं. तीच तर गोम आहे. बोलायला तिला तोंड नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी दोघं एका कामावरून परत येत होती. गाडी उशिरा होती, दुपारची वेळ, जेवण झालेलं. बॅग बाकावर बाबांच्या हाताखाली होती आणि बाबांचा डोळा लागला होता. दुपारची झोप म्हणजे बाबांचा जीव की प्राण. नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं उभ्याउभ्या झोपायचे म्हणतात. धाकटीला चहा प्यायचा होता. झोपलेल्या माणसाच्या भरवशावर बॅग कशी टाकून जायची, म्हणून तिने हळूच, त्यांना जाग न येऊ देता, ती हाताखालून काढून घेतली आणि सोबत नेली. वाटेत पुस्तकांचा स्टॉल लागला. तिथे एका मासिकात तिचा फोटो छापून आलेला होता, ते तिला माहीत होतं. बॅग पायाशी ठेवून तिने मासिक उघडलं, पान शोधलं, खाली आपलं नाव आहे की नाही ते पाहिलं. नाव होतं. खाली बघते तर बॅग नव्हती.

स्टेशनभर ती वेड्यासारखी धावली. परत बाकापाशी आली तेव्हा बाबा जागे झाले होते आणि गुडघ्यांवर बसून बाकाखाली चाचपडत होते. ती तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "माझा डोळा लागला गं पोरी. माझ्यामुळे गेली."

आणि ती गप्प बसली.

एक मिनिटच गप्प बसायचं होतं तिला, खरंच. श्वास जागेवर येईपर्यंत. पण मग पोलीस आले, बाबांनी जबाब दिला. मग घरी थोरल्या भावाला फोन झाला, त्याने डोक्याला हात लावला. मग मावशी आली, काका आले, आणि प्रत्येकाला बाबाच सांगत होते, "मी झोपलो ना." लॅपटॉपमध्ये तिचं तीन वर्षांचं काम गेलं होतं, त्यामुळे सगळे तिचीच समजूत काढत होते. त्या गडबडीत खरं सांगायची वेळ टळली ती टळलीच. आठवडा गेला, महिना गेला. खापर फुटलं ते बाबांच्या डोक्यावर, तेही त्यांनी आपणहून वाकून पुढे केलेल्या.

बरं, बाबा कोण? कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षं भांडारपाल. निरोपाच्या दिवशी साहेबाने भाषणात सांगितलं होतं की या माणसाच्या ताब्यातून एकतीस वर्षांत एक नटसुद्धा कमी झाला नाही. घरी कोणीही आलं की बाबा ते वाक्य सांगायचे. शब्दही इकडचा तिकडे होत नसे. बॅग गेली त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं. थोरल्याने त्यांचं नाव कुंभकर्ण ठेवलं. बाजारात गेलं तरी तो बायकोला म्हणायचा, "भाजीची पिशवी बाबांपाशी ठेवू नको हं." सगळे हसायचे, बाबाही हसायचे, आणि धाकटी पानात बघून जेवायची. बाबांनी दुपारची झोप सोडली होती. जेवण झालं की खुर्चीत ताठ बसायचे, तोंडात लवंग धरून, डोळे ताणून, समोर भिंत. वर्षभर, रोज.

म्हणून म्हणते, बोलायला तोंड नव्हतं. बाबा साखळ्या बांधत होते आणि ती बांधून घेत होती.

या खेपेचं काम मोठं होतं. एका ओतशाळेत जहाजाचा पंखा ओतायचा होता, आजवरचा त्यांचा सगळ्यात मोठा. वितळलेला धातू साच्यात पडायला लागतो तेव्हाचे फोटो त्यांना हवे होते. ओतायला लागणार जेमतेम चार मिनिटं, आणि पुन्हा म्हणून काही करता येत नाही. थोरला म्हणाला होता, "कुणाला तरी सोबत ने, पण कुंभकर्णाला नको." बाबांनी हे ऐकलं आणि त्याच दिवशी आपली पिशवी भरली. धाकटी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

सहा तासांच्या गाडीत बाबा एकदाही मागे टेकले नाहीत. मुक्कामाच्या खोलीत शिरल्यावर माणूस आधी तोंडावर पाणी मारतो. यांनी खिडकीची कडी हलवली, दाराला आतून खुर्ची लावली, लॅपटॉप आपल्या मळक्या पायजम्यात गुंडाळून गादीखाली सरकवला आणि बॅग न्हाणीघरातल्या पाइपला बांधली.

"न्हाणीघरात? बाबा, मला अंघोळ करायची आहे."

"कर की. बॅग काही बघत नाही."

"ओली होईल!"

"प्लास्टिक आणलंय."

सकाळी धाकटी उठली तेव्हा बाबांची चादर काल घातली होती तशीच होती, एक चुणी नव्हती. ते दाराशी लावलेल्या खुर्चीत बसले होते. डोळे लाल. "झोपलात का बाबा?" तिने विचारलं. "भरपूर," बाबा म्हणाले. तिला चीड आली. त्यांची की स्वतःची, ते तिला कळेना, म्हणून तिने ती टूथपेस्टच्या झाकणावर काढली.

ओतशाळेत तर त्यांनी कहरच केला. त्यांच्या भांडारात पद्धत होती: कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि हत्यार न्यायचं, हत्यार परत आलं की बिल्ला परत. बिल्ला खिळ्याला लटकतोय तोवर हत्यार कुणाकडे आहे ते दिसतं. बाबांनी डब्याचा पत्रा कापून असेच बिल्ले घरी बनवले होते आणि धाकटीच्या हातात दिले होते. एक लेन्स, एक बिल्ला. चाळीस माणसांसमोर तिला आपल्याच बापाकडे पत्र्याचा तुकडा देऊन आपलीच लेन्स मागायची होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर तिथला फोरमन खूश! जाडजूड माणूस, भुवया भट्टीने कायमच्या जळालेल्या. तो म्हणाला, "याला म्हणतात शिस्त! आमच्याकडची पोरं पान्हे घेऊन जातात ते थेट घरी. काका, तुम्ही राहा इथेच." बाबांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळला. "एकतीस वर्षं भांडार सांभाळलं," ते म्हणाले. नटाचं वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं धाकटीने पाहिलं. मग त्यांनी ते गिळलं आणि साखळी काढायला वाकले.

काम सुरू झालं. वाळूच्या ढिगाजवळ, भिंतीला टेकून, बाबांना खुर्ची मिळाली. बॅग मांडीवर, साखळी घोट्याला, किल्ली बनियनमध्ये. धाकटीने जवळचा फोटो घेणारी लेन्स बिल्ला देऊन घेतली, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि साच्यापासून दहा पावलांवर आखलेल्या दोरीपाशी उभी राहिली. सगळं ठरल्याप्रमाणे. अर्धा तास गेला, तास गेला. भट्टीची धग वाढत गेली, माणसं घामाने निथळायला लागली, आणि ओतायला पाच मिनिटं उरलेली असताना फोरमन ओरडत आला, "दोरी मागे घ्या! सगळे मागे! साच्यातली वाळू ओलसर लागतेय, धातू उडेल बिडेल!"

दहाची झाली पंचवीस पावलं. तिथून या लेन्समध्ये साचा दिसायचा बशीएवढा. तिला लांबची लेन्स हवी होती, आत्ता, या मिनिटाला. ती वळली आणि वाळूच्या ढिगाकडे पळत सुटली.

बाबा झोपले होते.

गाढ. मान भिंतीला, तोंड जरा उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. दोन्ही हात बॅगेवर होते, पण सैल पडलेले. धाकटी समोर थांबली. वर्षभरात तिने त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आधीचे बाबा दिसत होते.

उठवायचं म्हणजे काय करायचं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. डोळे उघडतील, समोर ती दिसेल, आणि त्यांना कळेल की पुन्हा झोपलो. सामानापाशी, कामावर असताना, दुसऱ्यांदा. त्यानंतर या माणसाकडे अभिमानाने सांगण्यासारखं काहीही उरणार नव्हतं. आणि नाही उठवलं तर ज्यासाठी बोलावलं होतं तो फोटो गेला. मागे क्रेनची घंटा वाजली. धातूची बादली हलली होती.

मग तिने जे केलं त्याला अक्कल म्हणत नाहीत. तिने ठरवलं, किल्ली हळूच काढायची, कुलूप उघडायचं, लेन्स घ्यायची, परत लावायचं. बाबांना कळणारही नाही. ती वाकली, दोन बोटं त्यांच्या कॉलरमध्ये घातली आणि दोरा वर ओढायला लागली. अगदी अलगद. जाग न येऊ देता.

"चोर!"

बाबांनी तिचं मनगट असं धरलं की तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. "चोर! चोर! धरा! पकडलाय मी!" डोळे अजून मिटलेलेच होते पण आवाज असा की भट्टीच्या वर गेला. ते ताडकन उभे राहिले, साखळीने पाय ओढला, खुर्ची आडवी, चष्मा वाळूत. पाचसहा कामगार फावडी घेऊन धावले. "कुठाय? कुठाय?"

"हा काय! धरलाय हा!" बाबा म्हणाले आणि मग त्यांनी डोळे उघडले.

हातात धाकटीचं मनगट होतं.

सगळे थांबले. क्रेन मात्र थांबली नाही. मागे केशरी उजेड पडला, धातू साच्यात पडायला लागला होता. तिला तिकडे बघायचं होतं आणि बघवत नव्हतं.

"तू?" बाबा म्हणाले. मग त्यांनी आडव्या खुर्चीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "मला झोप लागली होती?"

"नाही बाबा, तुम्ही नुसते..."

"लागली होती. पुन्हा लागली." ते खाली बसले आणि कुलूप उघडायला लागले. "थांब, तुला लेन्स देतो. कुठली? लांबची ना? थांब हं, देतो." किल्ली भोकात जाईना. डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती "द्या इकडे" म्हणाली तर देईनात. "माझं काम आहे ते," म्हणाले. घरी मोजलेले चाळीस सेकंद तिथे काही केल्या संपेनात. लेन्स हातात आली, तिने धावत जाऊन चढवली, तोवर बादली रिकामी होऊन वर निघाली होती. शेवटचा लालभडक थेंब तेवढा तिला मिळाला.

फोरमन जवळ येऊन म्हणाला, "ताई, धातू काही थांबत नाही हो," आणि तोही बिचारा अवघडून निघून गेला.

ओतशाळेच्या मागे चहाची टपरी होती, बाहेर बाकडी. दोघं समोरासमोर बसली. बॅग बाकड्यावर. बाबांनी साखळीची घडी करून पिशवीत ठेवली, वर किल्ली ठेवली, वर नंबरांची वही ठेवली, आणि ती पिशवी तिच्याकडे सरकवली.

"थोरल्याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला सामानापाशी बसवायची सोय राहिली नाही. तू दुसरं कुणीतरी बघ. रागावू नको, पण मला आता भीती वाटते गं. मी बसतो आणि मला वाटतं, आता मी झोपणार."

धाकटीला इतका संताप आला, इतका वैताग, या साखळीचा, या बिल्ल्यांचा, या माणसाच्या प्रामाणिकपणाचा, स्वतःच्या बंद तोंडाचा, की ती जवळजवळ ओरडलीच.

"अहो, तुमच्याकडून गेलीच नव्हती बॅग!"

बाबा बघत राहिले.

"मी नेली होती. तुम्ही झोपला होता, तुमच्या हाताखालून काढून मी नेली. तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून नेली. माझ्या पायाजवळून गेली ती. मी घालवली. तुम्ही काहीही केलं नाही. झोपलात फक्त."

टपरीवाल्याने स्टो बारीक केला. मग भांडारात चूक निघाली की विचारत असतील तशा आवाजात बाबांनी विचारलं, "कुठे गेली?"

"पुस्तकांच्या स्टॉलवर."

"किती वेळ खाली ठेवली होतीस?"

"दोन-तीन मिनिटं. मासिकात माझा फोटो होता. तो बघत होते."

"बरोबर कोणी होतं?"

"कोणी नव्हतं."

"थोरल्याला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"लाव फोन."

तिने लावला, मोठ्या आवाजावर. थोरल्याने उचलताच विचारलं, "काय म्हणतोय आमचा कुंभकर्ण? जागा आहे ना?" आणि स्वतःच हसला. धाकटीने सगळं सांगितलं, एका दमात, मासिकासकट. पलीकडे हसणं थांबलं. मग तो म्हणाला, "बाबा आहेत का तिथे? बाबा?" बाबांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि तिने फोन बंद केला.

"बाबा, मला सांगायचं होतं. त्याच दिवशी सांगणार होते. तुम्हीच म्हणालात माझ्यामुळे गेली, आणि..."

"दुपारी मी खुर्चीत बसायचो," बाबा म्हणाले. "लवंग तोंडात धरून. तू घरी असायचीस तेव्हा बघायचीस ना?"

"हो."

"रोज बघायचीस."

"हो बाबा. रोज."

बाबा उठले. चहाला हात लावला नव्हता. वळून चालायला लागले, अंगणातून सरळ फाटकाकडे, एकटे, मोकळ्या हातांनी, आणि मागे बघितलं नाही. इतके ताठ चालत होते की त्यांच्या पाठीकडे बघून तिचा जीव गलबलला. आता हे कायमचे गेले, आता हे बोलणार नाहीत, असं तिला वाटलं आणि ती होती तशी उठली आणि धावत सुटली.

फाटकाबाहेर तिने त्यांना गाठलं, दंडाला धरलं. "बाबा, मला काहीही बोला. मारा हवं तर. पण बोला."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या खांद्याकडे बघितलं. मग दुसऱ्या खांद्याकडे.

"बॅग कुठाय?"

"राहू दे ती."

"राहू दे? अगं, कुठे आहे ती?"

"बाकड्यावर."

"बाकड्यावर!" बाबांचा आवाज चढला. "उघडी? लॅपटॉप आत? टपरीच्या बाकड्यावर टाकून आलीस? काय म्हणावं तुला! डोकं आहे का खोकं? वर्षभर मी डोळ्यांत तेल घालून सांभाळतोय आणि ही बया बाकड्यावर टाकून येते! एकदा घालवलीस ते पुरलं नाही?"

ते केव्हाच वळले होते आणि झपाझप परत चालायला लागले होते, जवळजवळ पळतच, आणि बोलणं थांबत नव्हतं. बेजबाबदार म्हणाले, कार्टी म्हणाले, मासिकात नाव बघत बसते म्हणाले, तोंड शिवलं होतं का तुझं म्हणाले, आणि मध्येच त्यांचा आवाज फाटला तरी थांबले नाहीत. कामगार वळून बघत होते. धाकटी त्यांच्या मागे धावत होती, डोळे पुसत होती, आणि प्रत्येक वाक्याला "हो बाबा" म्हणत होती.